खपली गव्हाचा चौथा खंड

परवा कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत खपली घ्यायला गेलो होतो. हुग्गीला, म्हणजे गव्हाच्या खिरीला, आमच्या घरी दुसरा गहू चालत नाही. एका पिशवीवर छापलं होतं: 'मूळ गहू, जनुकांत कसलाही बदल नाही, ग्लुटेनमुक्त.' यातला ग्लुटेनचा दावा सरळ धोक्याचा आहे. खपलीत ग्लुटेन हे गव्हातलं प्रथिन असतंच, आणि ते न सोसणारा सीलिअॅक हा आजार असलेल्या माणसानं ती अजिबात खाऊ नये. पण 'कसलाही बदल नाही' हे वाक्य मला जास्त झोंबलं, कारण खपलीच्या पेशीत झालेली उलथापालथ हा गव्हाच्या इतिहासातला सगळ्यात सुंदर पुरावा आहे.

शाळेतलं थोडं आठवू. गुणसूत्रं जोडीनं असतात. साध्या रानगव्हात ती १४, खपलीत २८ आणि आपल्या चपातीच्या गव्हात ४२. हे आकडे जपानचे शास्त्रज्ञ साकामुरा यांनी १९१८ साली पक्के केले. रानगव्हाचा सात गुणसूत्रांचा संच म्हणजे 'ए'. माणूस शेती करू लागला त्याच्या काही लाख वर्षं आधी या रानगव्हाचा एजिलॉप्स नावाच्या, गव्हाच्या नात्यातल्या एका गवताशी संकर झाला, त्यातून 'बी' संच आला. ए आणि बी मिळून रानटी खपली, आणि तिच्यापासून आपली खपली.

आता प्रत्येक संच म्हणजे सात खंडांचा ग्रंथ समजा. बाइंडिंगवाल्यानं चौथ्या आणि पाचव्या खंडाचे शेवटचे फर्मे चुकून अदलाबदल करून शिवले. एकही पान हरवलेलं नाही, फक्त जागा बदलली. ए संचात नेमकं हेच घडलं: ४ए आणि ५ए, म्हणजे ए संचातलं चौथं आणि पाचवं, या गुणसूत्रांची टोकं तुटली आणि एकमेकांना जोडली गेली. पुढे ४एच्या नव्या टोकाची बी संचातल्या सातव्या गुणसूत्राच्या, म्हणजे ७बीच्या, टोकाशी अशीच अदलाबदल झाली. शिवाय ४एचा मधला मोठा भाग सेंट्रोमिअरसकट (गुणसूत्राच्या दोन भुजा जिथे जुळतात त्या सांध्यासकट) उलटा फिरला, त्यामुळे मूळच्या आखूड भुजेचा भाग आज लांब भुजेत आहे. त्या लांब भुजेत आज तिचे स्वतःचे तुकडे, मग ५एचा तुकडा आणि अगदी टोकाला ७बीचा तुकडा सापडतो.

यातून काळाचा क्रम कळतो, आणि मला हेच फार आवडतं. ४ए-५एची अदलाबदल १४ गुणसूत्रांच्या रानगव्हातही दिसते, म्हणजे ती संकराच्या आधीची. ७बीचा तुकडा मात्र ए आणि बी एकाच केंद्रकात आल्याशिवाय ४एला चिकटणं शक्यच नाही, म्हणजे ती अदलाबदल संकरानंतरची. चपातीच्या गव्हातही हीच शिवण जशीच्या तशी आहे. त्याचे ए आणि बी संच खपलीच्याच घराण्यातून आले, हे ती शिवण सांगते.

पण अशी चूक टिकते कशी? एका पालकाकडून जुनी मांडणी आणि दुसऱ्याकडून नवी आली, तर परागकण आणि बीजांडं बनवणाऱ्या अर्धसूत्री विभाजनात दोन जोड्यांऐवजी चार गुणसूत्रांचं एक कडं तयार होतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसतं. कडं कसं सुटतं त्यावर परागकणांचं नशीब ठरतं: काहींना एक तुकडा दुप्पट मिळतो, दुसरा मिळतच नाही, आणि ते बहुधा वाया जातात. म्हणजे नव्या मांडणीचं पहिलं रोप तोट्यातच असतं. पण गहू स्वपरागित आहे, म्हणजे स्वतःच्याच परागकणांनी फळतो. त्या रोपाच्या जगलेल्या परागकणांत निम्मे जुन्या मांडणीचे आणि निम्मे नव्या मांडणीचे, बीजांडांतही तसंच. त्यामुळे पुढच्या पिढीतलं साधारण चौथाई बियाणं दोन्हीकडून नवीच मांडणी घेऊन येतं. त्या रोपांत कडं तयार होत नाही, जोड्या नीट लागतात, लोंबी पूर्ण भरते. परपरागित झाडात ही संधी क्वचित मिळते. खपलीसारख्या दोन संचांच्या गव्हात हरवलेल्या तुकड्याची उणीव दुसरा संच थोडीफार भरून काढतो, हा आणखी एक आधार. रानटी खपलीच्या निसर्गातल्या झाडांतही म्हणूनच निरनिराळ्या अदलाबदली सापडतात.

जॉर्जिया देशात तिमोफीव नावाचा एक गहू आहे. त्याचीही गुणसूत्रं २८, लोंबीही पाहिली तर खपलीचा भाऊ वाटावा अशी. त्याच्यात ४ए-५एची जुनी शिवण आहे, पण ७बीची नाही. त्याऐवजी त्याच्या ६ए गुणसूत्राची दुसऱ्या संचातल्या गुणसूत्रांशी वेगळीच अदलाबदल झाली आहे. खपलीशी त्याचा संकर केला तर रोप उगवतं, वाढतं, लोंब्याही धरतं. पण त्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या जोड्या नीट लागत नाहीत, आणि लोंब्या जवळजवळ रिकाम्याच राहतात.