पक्षाघातानंतरचं चालणं: ‘जोर करू नका’पासून नाडीच्या आकड्यापर्यंत

‘जोर करू नका, हातपाय अजून ताठतील’ हा सल्ला पक्षाघाताच्या रुग्णाला आजही मिळतो. त्यामागे लंडनच्या बर्टा आणि कॅरेल बोबाथ या दांपत्याची उपचारपद्धती आहे. १९४० च्या दशकापासून घडलेल्या या पद्धतीत आधी स्नायूंचा ताठरपणा उतरवायचा, हालचालीचं वळण सुधारायचं आणि मग चालायला लावायचं, असा क्रम होता. जोर लावला की चुकीचं वळण पक्कं होतं, ही भीती जगभरच्या फिजिओथेरपिस्टांच्या हातात मुरली.

त्यामुळे नेमकं काय हुकत होतं, ते मोजल्यावर कळलं. २००२ मधल्या कॅनडातल्या एका पाहणीत फिजिओथेरपीच्या सत्रात रुग्णाचे ठोके व्यायामाचा परिणाम होईल इतके चढलेले असत ते सरासरी तीन मिनिटांपेक्षाही कमी. २००९ मध्ये उपचारांची ३१२ सत्रं बसून पाहिली गेली. चालण्याच्या सत्रात पावलं पडत होती सरासरी ३५७!

दरम्यान अंगाला बांधून वरून टांगलेल्या हार्नेसमध्ये शरीराचा काही भार उचलून ट्रेडमिलवर चालवणं आलं, पाठोपाठ पाय उचलून देणारे रोबोटही आले. २०११ च्या अमेरिकेतल्या ४०८ रुग्णांच्या चाचणीत हार्नेस-ट्रेडमिलचं प्रशिक्षण फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली घरीच केलेल्या व्यायामापेक्षा सरस ठरलं नाही. यंत्र कष्ट उपसतं तेवढे रुग्णाचे वाचतात, आणि सुधारणा तर त्या कष्टांतूनच यायची असते.

२०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी सहा महिन्यांपुढच्या, चालू शकणाऱ्या रुग्णांसाठी चालताना हृदयाचे ठोके किती असावेत याचा पट्टा ठरवला: राखीव ठोक्यांच्या ६० ते ८० टक्के. राखीव म्हणजे कमाल ठोके वजा विश्रांतीचे ठोके. त्याचे टक्के काढून विश्रांतीचे ठोके पुन्हा मिळवायचे.

चूक होते ती इथेच. साठीचा रुग्ण, विश्रांतीचे ठोके ६२. ‘२२० वजा वय’ धरलं तर कमाल १६०, पट्टा १२१ ते १४०. पण तो रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोके मंदावणारं औषध, घेत असेल तर ‘१६४ वजा वयाच्या ०.७ पट’ हे सूत्र लागतं. कमाल उतरते १२२ वर, पट्टा ९८ ते ११० वर. पहिल्या हिशेबाने आपण त्याला जवळजवळ कमाल मर्यादेवर नेऊन ठेवतो, आणि ठोके चढत नाहीत म्हणून ‘हा मेहनतच करत नाही’ असंही ठरवून टाकतो.

जुनी सावधगिरी सगळीच फोल नव्हती. २०१५ च्या २,१०४ रुग्णांच्या चाचणीत पहिल्या २४ तासांतच वारंवार उठवून चालवलेल्यांपैकी चांगले सावरलेले कमी निघाले. पुढच्या टप्प्यातही रक्तदाब आणि हृदयाची तपासणी आधी, वेग नंतर. एट्रियल फिब्रिलेशन असेल तर ठोके अनियमित पडतात, मनगटावरच्या घड्याळाचा आकडा फसवतो. तिथे मेहनत किती जाणवते हे ६ ते २० च्या बोर्ग मापावर रुग्णाला स्वतःलाच विचारायचं, आणि उत्तर १४ च्या पुढे आलं की वेग पुरेसा आहे असं धरायचं.