हेरकादंबरीतील फितुरीमागचा इतिहास

स्वतःच्याच गुप्तचर यंत्रणेवरचा विश्वास उडालेले अधिकारी शत्रुपक्षाला जाऊन मिळण्याचा बेत आखतात, या सूत्रावर शीतयुद्धाच्या काळापासून अनेक हेरकादंबऱ्या बेतल्या गेल्या. त्यांतले नाट्य बहुधा सीमा ओलांडताना शिगेला पोचते. इतिहासात मात्र अधिक घातक ठरला तो निर्णय आणि पलायन यांच्यामधला काळ.

१९४५ च्या उत्तरार्धात इस्तंबूलच्या सोव्हिएत वकिलातीत उपवाणिज्यदूत म्हणून वावरणारा गुप्तचर अधिकारी कॉन्स्टँटिन वोल्कोव ब्रिटिशांकडे आला. पैसे आणि आश्रय यांच्या बदल्यात ब्रिटिश सेवेत शिरलेल्या सोव्हिएत हेरांची नावे देण्याची त्याची तयारी होती, आणि हा पत्रव्यवहार तारेने करू नये, असेही त्याने बजावले होते. कागद लंडनला पोचले ते ब्रिटिश गुप्तचर अधिकारी किम फिल्बीच्या टेबलावर. फिल्बी स्वतःच मॉस्कोचा हेर होता. त्याने मॉस्कोला कळवले, स्वतः इस्तंबूलला पोचायला पुरेसा उशीर केला, आणि तोवर वोल्कोवला बँडेजात गुंडाळून, स्ट्रेचरवरून विमानात चढवण्यात आले होते. पुढे त्याला ठार करण्यात आले.

केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेचा अधिकारी ओलेग गोर्डिएव्स्की याचा भ्रमनिरास सावकाश झाला. बर्लिनची भिंत त्याने उभी राहताना पाहिली होती. १९६८ मध्ये प्राग शहरात सोव्हिएत रणगाडे घुसल्यावर त्याचे मन पुरते विटले. तरीही तो लगेच पळाला नाही. १९७४ पासून तो ब्रिटिशांसाठी काम करू लागला, आणि मे १९८५ मध्ये त्याला लंडनहून अचानक मॉस्कोला बोलावून घेण्यात आले, तेव्हा संशयाचा फास आवळत आल्याचे त्याच्या ध्यानात आले. सुटकेचा बेत मात्र वर्षानुवर्षे तयार होता, आणि तो ऐकायला जवळजवळ हास्यास्पद वाटतो: मंगळवारी संध्याकाळी ठरलेल्या कोपऱ्यावर सेफवे या दुकानाची पिशवी हातात घेऊन उभे राहायचे, हॅरॉड्सची पिशवी घेतलेला कोणी चॉकलेट खात समोरून गेला, की निरोप पोचला असे समजायचे. जुलैमध्ये ब्रिटिश मुत्सद्द्यांच्या मोटारीच्या डिकीत लपून तो फिनलंडमध्ये पोचला. तपासनाक्यावर कुत्री हुंगत असताना मोटारीतल्या बाईंनी तान्ह्या बाळाचे लंगोट डिकीवरच बदलायला घेतले, हा तपशील कोणत्याही कादंबरीकाराला हेवा वाटावा असा आहे. पत्नीला मात्र त्याने काहीच सांगितले नव्हते. तिच्याशी आणि दोन मुलींशी त्याची भेट १९९१ मध्येच होऊ शकली.

भारतातही याचे उदाहरण आहे. ‘रॉ’ या भारताच्या परदेशविषयक गुप्तचर संस्थेचा अधिकारी रबिंदर सिंग २००४ मध्ये पाळतीखाली असतानाच नेपाळमार्गे अमेरिकेला निसटला. येथे वैचारिक भ्रमनिरासापेक्षा पाळत ठेवणाऱ्यांच्या अपयशाचीच चर्चा अधिक झाली, आणि या प्रकरणावर पुढे कादंबरी लिहिली ती त्याच संस्थेतून निवृत्त झालेल्या अमर भूषण यांनी.