अ‍ॅलिस ब्रेडीचं ऑस्कर चोरीला गेलं नव्हतं

अमेरिकी चरित्र अभिनेत्री अ‍ॅलिस ब्रेडीचं नाव निघालं की एकच किस्सा येतो: 10 मार्च 1938 रोजी लॉस एंजेलिसच्या बिल्टमोर हॉटेलात सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर तिला जाहीर झालं, कुणी भामटा मंचावर चढला आणि ते घेऊन पसार झाला.

असं घडलेलं नाही. ब्रेडी घोटा मोडून घरी होती. तिच्या वतीने पुरस्कार घेतला तो, ज्या चित्रपटासाठी तो मिळाला त्या ‘इन ओल्ड शिकागो’चा दिग्दर्शक हेन्री किंग याने. नंतर तिचं नाव कोरलेला पुरस्कार तिच्या हाती आला. आणि तो पुरस्कार म्हणजे ऑस्करची ओळखीची बाहुलीही नव्हती. सहायक कलाकारांना तेव्हा फलकच देत, भिंतीवर टांगतात तसा.

ऑक्टोबर 1939मध्ये ती कर्करोगाने गेली, अवघ्या 46व्या वर्षी. 1914 ते 1923 या काळातले कितीतरी मूकपट, मग दहा वर्षं रंगभूमी, 1933ला बोलपटांत पुनरागमन. ‘माय मॅन गॉडफ्री’तली तिची भाबडी, बडबडी आई एकदा बघाच; 1936च्या चित्रपटांसाठी सहायक अभिनेत्रीचं नामांकन पहिल्यांदाच दिलं गेलं, त्यात ती होती. एवढी कमाई एका भाकडकथेखाली झाकली जावी, हे खरंच सलतं.