सिमपाय लिमिट काढते तेव्हा आत काय चालतं?

सिमपाय म्हणजे चिन्हांचं गणित करणारी पायथनची लायब्ररी. तिला लिमिट, म्हणजे पदावली शेवटी कोणत्या किमतीकडे जाते ते, विचारलं की उत्तर झटक्यात येतं, आणि आत लोपितालचा नियम (अपूर्णांकाच्या वरच्या आणि खालच्या भागाचं वेगवेगळं विकलन करून लिमिट काढायची) बसवला असणार असं आपण गृहीत धरतो. हा नियम १६९६ साली लोपितालच्या पुस्तकात छापला गेला. मूळ डोकं योहान बर्नुलीचं. वहीत तो चालतो, यंत्रात अडकतो. क्ष ÷ √(क्ष² + १) घ्या, क्ष अनंताकडे जाऊ द्या. वरखाली विकलन केलं की अपूर्णांक उलटा होतो, आणखी एकदा केलं की पुन्हा होता तसा. आपण कपाळाला हात लावून थांबतो. प्रोग्रॅम फिरतच राहतो.

मोठा आकडा घालून बघणंही फसवं. ई^क्ष × (ई^(१/क्ष − ई^(−क्ष)) − ई^(१/क्ष)) यात क्ष = ५० घातलं तर नेहमीच्या दशांश गणितात कंसातली दोन्ही पदं तंतोतंत सारखी होतात आणि उत्तर शून्य येतं. खरी लिमिट −१ आहे.

१९६८ पासून एमआयटीत घडलेल्या मॅकसिमा (Macsyma) सारख्या जुन्या प्रणालींकडे अशा वेळी क्लृप्त्यांची पोतडी होती. कधी लागू पडे, कधी नाही. पद्धतशीर मार्ग डॉमिनिक ग्रुंट्झ यांनी झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठात, १९९६ च्या प्रबंधात दाखवला. त्यामागचा विचार जुनाच, इंग्लिश गणिती हार्डींनी १९१० मध्ये मांडलेला: अनंताकडे धावणाऱ्यांत सगळ्यात वेगवान कोण?

वरच्या उदाहरणात तो मान ई^क्षचा. ई^(−क्ष) ला ओमेगा म्हणा, म्हणजे ओमेगा शून्याकडे जातो. आता पदावलीची ओमेगाच्या घातांत मालिका मांडली की पहिलंच पद −ई^(१/क्ष) निघतं, आणि त्यात ओमेगा नाही. मग फक्त त्याचीच लिमिट काढायची: −१. पहिल्या पदात ओमेगाचा घात धन असता तर उत्तर शून्य, ऋण असता तर धन किंवा ऋण अनंत. एवढी साधी गोष्ट सुचायला १९९६ उजाडावं लागलं, याची मला अजून गंमत वाटते.

ओंद्रे चेर्तिक यांनी सुरू केलेल्या सिमपायमध्ये हीच रीत आहे. मेख एकच: मालिकेतला एखादा सहगुणक खरोखर शून्य आहे का, हे आधी कळायला हवं. असा प्रश्न सरसकट सोडवणारी रीत असूच शकत नाही, हे गणिती रिचर्डसन यांनी १९६८ मध्येच सिद्ध केलंय. अवघड पदावलीवर सिमपाय कधीकधी ताटकळत ठेवते, त्याचं एक कारण हे.

आणि हो, दिशा सांगितली नाही तर ती उजवीकडूनच लिमिट काढते. १/क्ष ची शून्यापाशी विचारा, बेधडक धन अनंत सांगेल.