बूट काढण्याची एकोणीस वर्षं

८ जुलै २०२५ रोजी अमेरिकेच्या गृहसुरक्षा मंत्री क्रिस्टी नोएम यांनी जाहीर केलं, की विमानतळावरच्या तपासणीत प्रवाशांना आता बूट काढावे लागणार नाहीत. ऑगस्ट २००६ पासून सक्तीचा असलेला नियम असा संपला. इतकी वर्षं कोट्यवधी माणसं मोज्यांवर फरशीवर ताटकळली. त्यातून नेमकं काय साधलं, याचा हिशेब मात्र कुणी त्यांच्यापुढे मांडला नाही. ही हिशेब न मांडण्याची सवय बुटांच्या नियमाहून बरीच जुनी आहे.

१९६८ ते १९७२ या पाच वर्षांत अमेरिकेत १३०हून जास्त विमान अपहरणाच्या घटना घडल्या. सुरुवातीच्या बऱ्याच अपहरणकर्त्यांना क्यूबा गाठायचं असे, पुढे खंडणीखोरही आले. सरसकट तपासणीला विमान कंपन्यांचाच विरोध होता. रांगा लागतील, प्रवासी बिथरतील, त्यापेक्षा विमान हवानाला जाऊन परत आलेलं परवडलं, असा त्यांचा हिशेब होता. नोव्हेंबर १९७२ मध्ये तिघांनी सदर्न एअरवेजचं विमान पळवलं आणि ते टेनेसीमधल्या ओक रिजच्या अणुभट्टीवर आदळवण्याची धमकी दिली. मग सूत्रं भराभर हलली. ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवासी आणि त्याच्या हातातली प्रत्येक बॅग तपासणं सक्तीचं झालं.

त्या वर्षी अपहरणं एकदम थंडावली. पण फेब्रुवारी १९७३ मध्ये अमेरिका आणि क्यूबा यांच्यात करारही झाला होता. अपहरणकर्त्यांना आता तिथे आसरा मिळणार नव्हता. यात तपासणीचा वाटा किती आणि कराराचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. श्रेय मात्र तपासणीच्याच नावावर जमा झालं. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ मला इथे दिसतं. उपाय केला आणि संकट टळलं, म्हणजे ते उपायामुळेच टळलं, हे गृहीत धरायची सवय लागली.

तेव्हा तपासणीचा खर्च विमान कंपन्यांच्या अंगावर होता. त्या हे काम कंत्राटदारांना देत, आणि कंत्राट मिळे ते स्वस्तात करून देणाऱ्याला. १९७८ मधल्या चाचण्यांत तपासनिसांच्या नजरेतून १३ टक्के धोकादायक वस्तू निसटल्या, १९८७ मध्ये २० टक्के. मे १९९८ ते एप्रिल १९९९ या वर्षात १९ मोठ्या विमानतळांवर कर्मचारी सोडून जाण्याचं सरासरी प्रमाण १२६ टक्के होतं. म्हणजे वर्षभरात सगळी माणसं बदलायची आणि त्यांच्या जागी आलेल्यांपैकीही बरीच निघून जायची. पगार किमान वेतनाच्या आसपास होता. तासन्‌तास पडद्याकडे डोळे लावून बसायच्या कामाला त्या पगारात कोण टिकणार? संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने हे सगळं सप्टेंबर २००१ च्या आधीच लिहून ठेवलं होतं.

११ सप्टेंबर २००१ नंतर सगळा दोष या खासगी तपासनिसांवर आला. तो पुरता खरा नाही. चार इंचांपेक्षा लहान पात्याचा चाकू तेव्हा विमानात नेता येत असे. १९ हल्लेखोरांपैकी निम्म्याहून अधिक जणांना संगणकीय निवड पद्धतीने आधीच वेगळं काढलं होतं. पण त्यानंतर करायचं होतं ते एवढंच, की तो माणूस विमानात चढल्याची खात्री होईपर्यंत त्याची चेक-इन बॅग आत चढवायची नाही. बॅगेत बाँब ठेवून मालक विमानतळावरच मागे राहील, ही भीती १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर विमानात झालेल्या स्फोटातून आली होती. हे हल्लेखोर मागे राहणारे नव्हते. नियम आदल्या हल्ल्यासाठी बेतलेला होता.

१९ नोव्हेंबर २००१ रोजी कायदा झाला आणि विमानतळांवरची तपासणी करणारी टीएसए (वाहतूक सुरक्षा प्रशासन) ही सरकारी यंत्रणा उभी राहिली. देशभरच्या विमानतळांवर सरकारी तपासनीस नेमायला मुदत होती एका वर्षाची. या घाईची किंमत मोजावी लागली. भरतीचं कंत्राट १० कोटी ४० लाख डॉलरचं ठरलं होतं, ते ७४ कोटी १० लाखांवर गेलं. सरकारच्याच लेखापरीक्षकांनी त्यातल्या मोठ्या रकमेवर बोट ठेवलं.

त्यानंतरची नियमावली बारकाईने पाहावी. डिसेंबर २००१ मध्ये रिचर्ड रीड बुटात स्फोटकं घालून विमानात चढला, तो पॅरिसला. बाटल्यांमधून द्रव स्फोटकं नेण्याचा २००६ चा कट लंडनला उघडकीस आला. २००९ च्या नाताळात उमर फारूक अब्दुलमुत्तलब अंतर्वस्त्रात स्फोटकं लपवून डेट्रॉइटच्या विमानात बसला, तो अॅमस्टरडॅमला. यातलं एकही प्रकरण अमेरिकेतल्या तपासणीच्या रांगेतून गेलेलं नव्हतं. तरी अमेरिकेतल्या रांगेत आधी बूट निघाले, मग १०० मिलिलिटरची मर्यादा आली, मग शरीर स्कॅनर आले. अब्दुलमुत्तलबच्या बाबतीत तर त्याच्या वडिलांनीच महिनाभर आधी अमेरिकी दूतावासाला सावध केलं होतं. चूक माहिती जुळवण्यात झाली, आणि खरेदी झाली यंत्रांची.

यंत्रांचा एक किस्सा इथे सांगायलाच हवा. २००६ च्या सुमारास काही विमानतळांवर काचेच्या कपाटासारखं एक दालन आलं. प्रवाशाने आत उभं राहायचं, चहूबाजूंनी हवेचे झोत अंगावर यायचे, केस आणि कपडे फडफडायचे, आणि उडालेल्या कणांत स्फोटकांचा अंश आहे का, ते यंत्र हुंगून पाहायचं. प्रयोगशाळेत ते उत्तम चाललं. विमानतळावर मात्र धूळ आणि दमट हवा त्याला मानवेना, सारखं बंद पडू लागलं. अशी २०७ यंत्रं घेतली होती, सुमारे ३ कोटी डॉलर खर्चून. बसवली गेली १०१, बाकीची गोदामात राहिली. पुढे सगळीच काढून टाकली. प्रत्यक्ष जागेवर नीट चाचणी न घेता केलेली ही खरेदी होती, आणि मला तरी यात क्षम्य काही दिसत नाही.

हावभावांवरून संशयित ओळखण्याच्या कार्यक्रमावर २००७ पासून सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले. माणसाच्या वागण्यावरून त्याचा हेतू ओळखण्याचं प्रमाण नुसत्या अंदाजापेक्षा जेमतेमच सरस असतं, असं संशोधन सांगतं, हे लेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं.

तपासनिसाच्या खुर्चीतून पाहिलं तर काम किती कठीण आहे ते कळतं. पडद्यावर नारिंगी, हिरव्या, निळ्या आकृत्यांच्या बॅगा सरकत असतात. चार्जर, बूट, पुस्तकं, पुन्हा चार्जर. नजर मरू नये म्हणून संगणक अधूनमधून एखाद्या खऱ्या बॅगेच्या चित्रात पिस्तुलाची खोटी प्रतिमा घुसवतो. तपासनिसाने बटण दाबलं की ही चाचणी होती, असं पडद्यावर उमटतं. एवढं करूनही २०१५ मध्ये बाहेर आलेल्या गुप्त चाचण्यांत ७० पैकी ६७ वेळा खोटी शस्त्रं आणि स्फोटकं आत गेली. टीएसएच्या प्रभारी प्रमुखांना पदावरून हलवण्यात आलं. दुसऱ्या बाजूला, २०२३ मध्ये याच तपासनिसांनी ६,७३७ बंदुका पकडल्या आणि त्यातल्या ९३ टक्के भरलेल्या होत्या. म्हणून ही तपासणी निव्वळ देखावा आहे असं म्हणणं मला पटत नाही. पण त्या बंदुकांचे बहुतेक मालक बॅगेत काय आहे हे विसरलेले सामान्य प्रवासी असतात. लपवून नेणाऱ्याला ही रांग किती अडवते, ते गुप्त चाचण्याच सांगू शकतात, आणि त्यांचे आकडे फुटले तरच लोकांना कळतात.

सर्वांत भक्कम फरक पडला तो वैमानिकांच्या कक्षाच्या दारामुळे, असं मला वाटतं. एप्रिल २००३ पर्यंत ही दारं बंदुकीची गोळीही अडवतील अशी मजबूत केली गेली. एकदा केलेला खर्च, रांग नाही, कुणाची झडती नाही. दुसरा फरक प्रवाशांमध्ये पडला. रीडला आणि अब्दुलमुत्तलबला विमानातल्या माणसांनीच आवरलं.

टीएसएचा वार्षिक खर्च आता १,००० कोटी डॉलरच्या वर आहे. त्यातला काही भाग तिकिटामागे घेतल्या जाणाऱ्या सुरक्षा शुल्कातून येतो. हे शुल्क जुलै २०१४ मध्ये एकेरी प्रवासाला ५.६० डॉलर झालं. ज्या कायद्याने ते वाढवलं, त्याच कायद्याने या रकमेतला एक हिस्सा सुरक्षेऐवजी सरकारची वित्तीय तूट भरून काढण्याकडे वळवला.