सतरंजीचा रंग कुठून येतो?

आमच्या सतरंज्या आम्ही रंगवत नाही. तयार कपड्यांच्या कारखान्यांत कटिंग टेबलाखाली होजिअरीच्या, म्हणजे टी-शर्ट-बनियनच्या विणलेल्या कापडाच्या, चिंध्या पडतात. त्या रंगाप्रमाणे निवडतात, यंत्रात फाडून पुन्हा कापूस करतात आणि त्याचं सूत काततात. हे काम पानिपतला फार मोठ्या प्रमाणावर चालतं. आमचं सूतही तिथलंच.

सुती होजिअरीवर बहुधा रिॲक्टिव्ह रंग असतो. त्याचा कापसाशी रासायनिक बंध जुळतो, म्हणून चिंधी पिंजली तरी रंग सुटत नाही. मग नव्याने रंगवायचं कशाला? गडद रंगाला लिटरभर पाण्यामागे ५० ग्रॅमहून जास्त मीठ लागू शकतं, आणि न चिकटलेला रंग काढायला धुण्याच्या फेऱ्यांवर फेऱ्या. तमिळनाडूतल्या तिरुपूरला अशा पाण्याने नोय्यल नदीची इतकी दुर्दशा झाली, की २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने तिथली डाईंग युनिटं बंद करायचा आदेश दिला.

'म्हणजे नैसर्गिक रंग ना?' असं बरेच जण विचारतात. नाही. रंग कारखान्यातलेच, फक्त आधी एकदा वापरलेले. जुन्या जीन्सच्या चिंध्या मात्र आम्ही घेत नाही. त्यांच्यावरचा इंडिगो धाग्याच्या वरवरच असतो, घासला की निघतो, आणि सतरंजीवर तर माणसं बसणार.

आता अडचणीची बाजू. चिंध्या जशा मिळतील तसा रंग, त्यामुळे प्रत्येक लॉटची शेड थोडी वेगळी येते. एकाच सुतात वेगवेगळ्या कारखान्यांचे रंग मिसळलेले असतात, म्हणून ट्यूबलाइटखाली जुळणाऱ्या दोन सतरंज्या उन्हात वेगळ्या दिसू शकतात. शेड दिवसाउजेडीच पाहा. शुभ्र पांढरी सतरंजी आमच्याकडे नाही. एखादा काळा तंतू आला तरी तो लगेच डोळ्यांत भरतो. फाडताना तंतू आखूड होतात, म्हणून मजबुतीसाठी सुतात थोडं पॉलिस्टर घालावं लागतं. त्याचं प्रमाण लेबलवर छापलेलं आहे.

पहिली धुलाई वेगळी, थंड पाण्यात करा. ब्लीच अजिबात नको. वाळवा सावलीत.

हॉलसाठी जोडी हवी असेल तर दोन्ही एकदमच मागवा. नंतर एक वाढवायची झाली तर लेबलवरचा लॉट नंबर कळवा. त्या लॉटचं सूत शिल्लक असेल तर त्यातूनच विणून देऊ, नसेल तर जवळच्या शेडचा तुकडा आधी पाठवू.