‘ने’ म्हणजे ‘बाय’ नव्हे: इंग्रजी व्हॉइसच्या धड्यामागची गोष्ट

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संध्याकाळी आठवी-नववीची मुलं इंग्रजीला येतात. घरात मराठी, रस्त्यावर आणि दुकानात गुजराती, पेपरात इंग्रजी. मागच्या आठवड्यात एकीच्या वहीत वाक्य सापडलं: ‘बाय राम एट अ मँगो.’ मी लाल पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. तिला विचारलं, हे ‘बाय’ कुठून आलं? ती म्हणाली, “बेन, रामा‘ने’ आहे ना. ‘ने’ म्हणजे बाय.”

तिचं वाक्य चुकलं होतं, पण तिचा कान बरोबर होता. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य खरोखरच कर्मणी मुळातून आलेलं आहे. ॲक्टिव्ह-पॅसिव्हच्या धड्यात मराठी मुलं जिथे अडखळतात, त्यातली बरीच ठिकाणं आपल्याच क्रियापदाच्या इतिहासातली आहेत. पाठ्यपुस्तकात मात्र त्याबद्दल चकार शब्द नसतो.

संस्कृतात भूतकाळाची रूपं पुष्कळ होती. पण बोलण्यात हळूहळू ‘रामेण आम्रः खादितः’ ही रचना पुढे आली. राम तृतीयेत, आंबा प्रथमेत, आणि क्रियेचं रूप आंब्याप्रमाणे चालणारं. ही सरळसरळ कर्मणी रचना. प्राकृतातून येता येता ती इतकी रुळली की तिच्यातलं कर्मणीपण कुणाला जाणवेनासं झालं, आणि तोच आपला साधा भूतकाळ ठरला. म्हणून आजही रामाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. राम तोच, पण क्रियापद आंबा, पोळी आणि केळ्याच्या मागे जातं. ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ लागत नाही, तरी ‘मी पोळी खाल्ली’ असंच म्हणतो. ‘तू पोळी खाल्लीस’ यात तर पोळीचं स्त्रीलिंगही आहे आणि ‘तू’चा ‘स’ही. आपल्या व्याकरणकारांनी याला कर्तृकर्मसंकर असं नाव दिलं.

रचना कर्मणी असली तरी आपल्या मनात त्या वाक्याचा केंद्रबिंदू रामच असतो. इंग्रजीत त्याचं भाषांतर ‘राम एट अ मँगो’ असंच होतं, म्हणजे ॲक्टिव्ह. कर्मणी प्रयोग आणि पॅसिव्ह व्हॉइस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगात प्रश्न असतो क्रियापद कोणाप्रमाणे बदलतं हा, आणि व्हॉइसमध्ये प्रश्न असतो कर्त्याच्या जागी कोण बसलंय हा. शाळेत या दोन्हींना एकच म्हणून शिकवलं जातं, आणि मग ‘ने’चं ‘बाय’ होतं.

ही सरमिसळ होण्यालाही कारण आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836 मध्ये निघालं. त्याच्या मांडणीवर लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाची छाप होती. मरे मूळचे अमेरिकेतले, इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झालेले. 1795 मध्ये त्यांनी एका मुलींच्या शाळेसाठी व्याकरण लिहिलं आणि 1797 मध्ये त्याला जोड म्हणून स्वाध्यायांचं वेगळं पुस्तक काढलं. इंग्रजी जिथे जिथे शिकवली जात होती तिथे तिथे ही पुस्तकं पोचली. म्हणजे आपल्या भाषेचं शालेय व्याकरण घडत होतं तेव्हा एका हाताशी पाणिनीची परंपरा होती आणि दुसऱ्या हाताशी मरे. कर्तरी, कर्मणी, भावे ही नावं पहिल्या बाजूची, आणि धड्यांची बांधणी दुसऱ्या बाजूची. पुढे 1911 मध्ये मोरो केशव दामल्यांनी शास्त्रीय मराठी व्याकरणात प्रयोगांची कसून चिकित्सा केली. पण शाळेच्या फळ्यावर कर्मणी म्हणजे पॅसिव्ह हे समीकरण टिकलं ते टिकलंच.

खऱ्या पॅसिव्हच्या जवळ जाणारी मराठी रचना म्हणजे ‘रावण रामाकडून मारला गेला’. हिला नवीन कर्मणी म्हणतात आणि ती इंग्रजीच्या धर्तीची म्हणून शिकवतात. नवीन म्हटलं म्हणजे जुनीही हवी, आणि ती होती. जुन्या मराठीत ‘कीजे’, ‘बोलिजे’, ‘म्हणिजे’ अशी रूपं होती. संस्कृतातल्या ‘क्रियते’, ‘भण्यते’ यांच्या घराण्यातली ही कर्मणी रूपं. ती बोलण्यातून गेली, पण दोन मागे राहिली: ‘म्हणजे’ आणि ‘पाहिजे’. ‘मला चहा पाहिजे’ यात ‘चहा’ कर्ता का, आणि ‘मी पाहिजे’ म्हटलं की अर्थ का फिरतो, याचं उत्तर या जुन्या कर्मणीत आहे. रोज शंभर वेळा तोंडात येणारे हे दोन शब्द सातशे-आठशे वर्षांपूर्वीची रूपं जपून आहेत, हे मुलांना सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

वडोदऱ्यातल्या मुलांना आणखी एक सोय आहे, जी पुण्यातल्या मुलांना नाही. गुजरातीत क्रियापदाच्या पोटात ‘आ’ घालून केलेलं कर्मणी रूप अजून जिवंत आहे: लखाय, वंचाय, खवाय, कराय. ‘आवुं न बोलाय’ हे इथल्या प्रत्येक मुलाने ऐकलेलं असतं, आपण ‘असं बोलू नये’ म्हणतो तसं. ‘माराथी नथी चलातुं’ म्हणजे ‘माझ्याच्यानं चालवत नाही’. यात तर क्रियापद अकर्मक आहे, तरी रूप कर्मणीच्या साच्यातलं. संस्कृतात याला भावे म्हणत, ‘मया न गम्यते’ सारखं. पाणिनीने एकाच सूत्रात सकर्मक धातूंना कर्मणी आणि अकर्मकांना भावे अशी वाटणी केली आहे. इंग्रजीत हा भावेचा खण रिकामा आहे. म्हणून ‘ही स्लेप्ट’चं पॅसिव्ह होत नाही. मुलं विचारतात का होत नाही, आणि पुस्तक फक्त एवढंच सांगतं की इनट्रान्झिटिव्ह आहे. मी त्यांना गुजरातीतून सांगते की बघा, आपल्याकडे होतं, त्यांच्याकडे नाही.

आता इंग्रजीकडे. ‘व्हॉइस’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘व्हॉक्स’वरून आला, म्हणजे आवाज किंवा शब्द. कल्पना त्याहून जुनी, ग्रीकांची. ग्रीक व्याकरणात करणारा, सोसणारा आणि मधला असे तीन भेद होते. तो मधला भेद संस्कृतातल्या आत्मनेपदाचा, म्हणजे क्रियेचं फळ करणाऱ्याकडेच येतं अशा रूपाचा, सख्खा भाऊ. लॅटिनमध्ये पॅसिव्हसाठी क्रियापदाला वेगळा प्रत्ययच लागे: ‘आमो’ म्हणजे मी प्रेम करतो, ‘आमोर’ म्हणजे माझ्यावर प्रेम केलं जातं. एक शब्द, काम झालं.

इंग्रजीने असे प्रत्यय फार पूर्वीच टाकले. जुन्या इंग्रजीत ‘असणे’ आणि ‘होणे’ या अर्थाच्या दोन सहायक क्रियापदांना भूतकाळवाचक विशेषण जोडून पॅसिव्ह होत असे. त्यातलं ‘होणे’वालं मेलं. जर्मनमध्ये त्याचा भाऊ अजून याच कामाला आहे. इंग्रजीत ‘बी’ एकटं उरलं. कर्ता सांगायचा तर ‘बाय’ हे कायमचं ठरलेलं नव्हतं. ‘ऑफ’ आणि ‘फ्रॉम’ही चालत. 1611 च्या इंग्रजी बायबलात सैतानाने मोह घातला हे ‘टेम्प्टेड ऑफ द डेव्हिल’ असं आहे. ‘बाय’ हळूहळू पुढे आलं आणि बाकीची मागे पडली.

यापुढचा टप्पा मुलांना सर्वांत आवडतो. ‘घर बांधलं जात आहे’ हे इंग्रजीत आज ‘द हाऊस इज बीइंग बिल्ट’. पण अठराव्या शतकात ‘द हाऊस इज बिल्डिंग’ असं म्हणत. घर स्वतःच बांधतंय असं कुणाला वाटत नसे, अर्थ कळायचा. ‘इज बीइंग’ हे रूप त्या शतकाच्या अखेरीस कानावर येऊ लागलं आणि पुढची कित्येक दशकं जाणकार मंडळी त्याच्यावर तुटून पडत होती. ओंगळ, अडाणी, भाषेला लागलेली कीड, अशी त्याची संभावना झाली. आपण मुलांकडून जो तक्ता घोकून घेतो, त्यातली ही ओळ मरे यांचं पुस्तक निघालं तेव्हा पाळण्यात होती. आणि परफेक्ट कंटिन्युअसला पॅसिव्ह का नाही, तर ‘हॅज बीन बीइंग’ इतकं जड होतं की ते वापरात रुळलंच नाही. नियमाने काही ते बंद केलेलं नाही.

मग व्हॉइस बदलण्याचा हा स्वाध्याय कुठून आला? उगम लॅटिनच्या शिकवणीत. लॅटिनमध्ये कर्माची द्वितीया काढून प्रथमा करायची, कर्त्याला पंचमीसारख्या विभक्तीत नेऊन त्याच्याआधी शब्दयोगी लावायचा, क्रियापदाचा प्रत्यय बदलायचा. विभक्त्या पाठ झाल्या का हे तपासायला ही कसरत नामी होती. 1586 मध्ये इंग्रजीचं पहिलं व्याकरण आलं तेही लॅटिन व्याकरणाच्या साच्यात. इंग्रजीत विभक्त्या उरल्या नव्हत्या, पण कसरत राहिली.

ती आपल्यापर्यंत आली परीक्षेच्या वाटेने. मुंबई विद्यापीठ 1857 चं. बडोदा संस्थान इंग्रज अमलाबाहेर असलं तरी 1881 मध्ये सुरू झालेलं बडोदा कॉलेज त्याच विद्यापीठाला जोडलेलं होतं, तेव्हा पेपर मुंबईचे. सयाजीराव महाराज स्वतः मराठी, गुजराती, इंग्रजी आणि उर्दू शिकलेले. त्यांनी अमरेलीत 1893 मध्ये सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानात नेलं. 1893 मध्येच अरविंद घोष इथे आले आणि पुढे या कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक झाले. इतकं सगळं या शहरात घडत असताना खालच्या वर्गांत मात्र वाक्य उलटंसुलटं करणं चालूच होतं, कारण त्याला गुण देणं सोपं. पी. सी. रेन हे मुंबई इलाख्यातच, कराचीत, मुख्याध्यापक होते. त्यांचं आणि मार्टिन यांचं व्याकरण 1930 च्या दशकात आलं आणि आजोबा, मुलगा, नात अशा तीन पिढ्यांच्या दप्तरात राहिलं. व्हॉइसचा तक्ता आज आपल्या डोळ्यांसमोर येतो तो बहुधा त्यातलाच.

या तक्त्याने एक नुकसान केलं असं मला मनापासून वाटतं. त्यात ‘बाय’ नेहमी असतं. वर्तमानपत्रात, सूचनाफलकावर, प्रयोगवहीत जे पॅसिव्ह दिसतं त्यात बहुतेक वेळा ‘बाय’ नसतंच. करणारा माहीत नसतो, किंवा सगळ्यांना माहीत असतो, किंवा त्याचं नाव घ्यायचं नसतं. न्यूटनने 1672 मध्ये प्रकाशावरचं पत्र लिहिलं ते ‘मी लोलक मिळवला’ असं, चक्क प्रथमपुरुषी. ‘घेण्यात आला’, ‘तापवण्यात आलं’ ही विज्ञानाची भाषा नंतरची. कचेरीची ‘हुकूम करण्यात येत आहे’ ही मराठीही त्याच वळणाची.

विसाव्या शतकात वारा उलटा फिरला. 1918 मध्ये अमेरिकेत प्राध्यापक स्ट्रंक यांनी, आणि 1946 मध्ये इंग्रजी लेखक ऑर्वेल यांनी, शक्य तिथे ॲक्टिव्हच लिहा असं बजावलं. तो सल्ला आता संगणकावर हिरव्या-निळ्या रेघा बनून येतो. मला तो अर्धाच पटतो, कारण कधी पॅसिव्ह हवं हे त्यात शिकवलं जात नाही.

1957 मध्ये भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कींनी वेगळीच खोच काढली. व्हॉइस बदलला तरी अर्थ तोच राहतो, हे गृहीतच त्यांनी तपासलं. ‘खोलीतल्या प्रत्येकाला किमान दोन भाषा येतात’ आणि त्याचं पॅसिव्ह, म्हणजे साधारण ‘किमान दोन भाषा अशा आहेत की ज्या खोलीतल्या प्रत्येकाला येतात’, ही दोन वाक्यं एकच नाहीत. पहिल्यात कुणाला मराठी-हिंदी, कुणाला सिंधी-गुजराती चालेल. दुसऱ्यात त्याच दोन भाषा सगळ्यांना यायला हव्यात. आमच्या खोलीत दोन्ही वाक्यं खरी ठरतात, म्हणून मुलांना फरक पटवायला वेळ लागला. शेवटी शेजारच्या फ्लॅटमधल्या तमिळ मुलाला बोलावून बसवलं, तेव्हा दुसरं वाक्य पडलं.

परवा मी फळ्यावर लिहिलं, ‘लक्ष्मी विलास पॅलेस वॉज कम्प्लीटेड इन 1890’, आणि ॲक्टिव्ह करायला सांगितलं. एकाने ‘समवन’ लिहिलं. दुसऱ्याने ‘सयाजीराव’. तिसरीने, ‘बाय राम’वालीने, काहीच लिहिलं नाही. मी गोष्ट सांगितली: आराखडा मेजर मँट यांचा, ते 1881 मध्ये वारले, पुढचं काम चिझम यांनी तडीस नेलं, पैसा आणि हुकूम महाराजांचा, आणि दगड घडवले ते गवंडी-पाथरवटांनी. ती जरा वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बेन, हे बदलायलाच नको ना? राजवाड्याबद्दल सांगायचंय, तर राजवाडाच पुढे राहू दे.”